पालक क्रमांकाचा रिकामा रकाना

सोमवार, २ सप्टेंबर

नवी नोकरी, नवं घर आणि ही नवी कोरी वही, तिन्हींना एकाच दिवशी हात घातला. घर म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खिडकी पूर्ण मिटत नाही, नळ शिट्टी वाजवतो, पण ऊन भरपूर आहे. चिंगीने आल्या आल्या खिडकीजवळची जागा बळकावली. चिंगी म्हणजे माझ्या ताईची मुलगी, वय वर्षं आठ, तोंडाचा पट्टा वय वर्षं अठरा.

शाळा दहा मिनिटांवर. चिंगी तिसरीत, मी कचेरीत कारकून. माझ्या जागेवरचे अण्णा शुक्रवारीच निवृत्त झाले, तरी आज मला काम समजवायला आले होते. टक्कल चकाकतं, मिशी मात्र भरघोस. चिठ्ठ्या चिकटवायचं त्यांना भारी वेड! कपाटावर ‘ओढा’, दारावर ‘ढकला’, आणि कीबोर्डच्या खाली ‘रकाना रिकामा ठेवू नये’. मला हसू आवरेना. ते मात्र गंभीरपणे म्हणाले की कॉम्प्युटरमध्ये भराच, पण जाड रजिस्टरात शाईने पण भरा, शाईने लिहिलेलं जागचं हलत नाही.

शाळा प्रत्येक घराला एक पालक क्रमांक देते. घरातल्या सगळ्या भावंडांचा क्रमांक तोच. चिंगीचा प्रवेश मीच नोंदवला. नाव, वर्ग, दाखल क्रमांक ४१२. पालकाच्या रकान्यापाशी हात थांबला. तिथे ताईचं नाव हवं होतं. ताईला जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होईल. तिच्या जागी माझं नाव लिहायचं म्हणजे ती गेली हे माझ्याच हाताने मान्य करायचं. मला नाही जमलं. रजिस्टरात नाही आणि कॉम्प्युटरमध्येही नाही. नाव नाही म्हणून पालक क्रमांकही नाही; नंतर भरू म्हटलं.

संध्याकाळी चिंगीला बुटाच्या नाड्या बांधायला शिकवलं. दोन गाठी आणि टोकं बुटाच्या आत खोचायची, आमच्या ताईची पद्धत. सात वेळा चुकली, आठव्यांदा जमलं, मग घरभर बूट घालून नाचली.

मंगळवार, ३ सप्टेंबर

मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, सकाळीच करवादल्या. एका घरात तीन मुलं शिकत असली तर एकच सूचना तीनदा जाते, पालक हसतात, कागद वाया जातो. अण्णांना हे कधी जमलं नाही म्हणे. मी म्हटलं, एवढंच ना!

खरंच सोपं आहे. मुलांची यादी पालक क्रमांकानुसार लावायची. कॉम्प्युटर एक एक ओळ वाचत जातो. क्रमांक आधीच्या ओळीचाच असेल तर नाव त्याच पत्रात खाली जोडायचं, बदलला की नवीन पत्र सुरू. पत्रात मथळा एकच, ‘आपली मुले पुढीलप्रमाणे’, आणि खाली सगळी नावं. पत्ता पहिल्या ओळीवरचा. यादीत कर्मचारीही आहेत, त्यांच्याही घराला क्रमांक असतो, कारण शाळेच्या सूचना त्यांनाही जातात. ३८६ ओळींची २५१ पत्रं झाली. मोठ्या बाईंनी चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं. त्यांच्याकडून एवढं पुष्कळ झालं.

दुपारीच पत्रं पोस्टात टाकली.

बुधवार, ४ सप्टेंबर

स्थळप्रती, म्हणजे कचेरीत ठेवायच्या नकला, लावताना फजिती लक्षात आली. पहिल्याच पत्रात सहा नावं! ज्यांचा क्रमांक भरलेला नव्हता ते सगळे एकत्र आले. रिकामा आणि रिकामा सारखेच, म्हणून कॉम्प्युटरने त्यांचं एक घर करून टाकलं. पहिलं नाव शिलाईचं काम करणाऱ्या बाईंच्या मुलाचं. मग सुताराच्या दोन मुली, बस ड्रायव्हरचा मुलगा, पाचवी आमची चिंगी. सहावं नाव अण्णांचं, यादीतून अजून न काढलेलं! दुसऱ्याला चिठ्ठ्या चिकटवणाऱ्या माणसाचा स्वतःचाच रकाना रिकामा.

पत्र गेलं शिलाईबाईंकडे, वळणावरच्या हिरव्या दाराच्या घरी. त्या रागावून येणार म्हणून माफीची वाक्यं तयार ठेवली. घरी चिंगीला सांगितलं की तुला फुकटात पाच भावंडं मिळाली, त्यातलं एक टकलं आहे. पोट धरून हसली. मग विचारलं की त्यांच्या घरी शिवणयंत्र आहे का. मला काय ठाऊक, म्हटलं.

गुरुवार, ५ सप्टेंबर

शिलाईबाई आल्या, पण रागावून नाही. आभार मानायला आल्या. माझे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाल्या की सगळी मुलं एका कागदावर पाहून फार बरं वाटलं. चेहरा मायाळू, गळ्यात मोजपट्टी, बोटांना टाचण्या टोचल्याच्या खुणा. मी चूक समजावून सांगायला लागले. त्या हसून म्हणाल्या की सहा मुलांच्या आईला कोण काय समजावणार.

चेष्टाच असणार.

 चिंगी आज घरी मला दोनदा ‘बाई’ म्हणाली. वर्गातली सवय लागली असेल.

शुक्रवार, ६ सप्टेंबर

शाळा सुटताना फाटकापाशी शिलाईबाई उभ्या होत्या. त्यांच्यामागे रांगेत सहा जण, सगळ्यांच्या अंगात निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या एकाच कापडाचे शर्ट. रांगेच्या शेवटी अण्णा. पट्ट्यांचा शर्ट, खांद्याला दप्तर, ड्रायव्हरच्या मुलाचं बोट धरलेलं. कोणीही वळून पाहत नव्हतं. शिपाईमामांनी तर त्यांना सांभाळून जा रे म्हणून हात केला.

पाचवी चिंगी होती. मी तिला रांगेतून ओढून काढलं आणि घरी आणलं. रडली नाही. खुर्चीच्या टोकाला पाहुण्यासारखी बसून राहिली.

शनिवार, ७ सप्टेंबर

सकाळी मोठ्या बाई आणि शिलाईबाई दोघी आल्या. आवाज चढवला नाही. मोठ्या बाईंनी यादीचा छापील कागद दाखवला. सहाही ओळींत आता पालक क्रमांक एकच, शिलाईबाईंचा. दुसऱ्याचं मूल घरात ठेवणं बरं नव्हे, असं मला शांतपणे सांगितलं. मी म्हटलं ही माझ्या सख्ख्या बहिणीची मुलगी आहे. त्यांनी कीव केल्यासारखं पाहिलं आणि विचारलं, कागदावर कुठे आहे तसं?

मी दार अडवून उभी राहिले. तेव्हा चिंगीच पुढे आली. दुधाचा पेला विसळून ठेवू का म्हणून मला विचारलं. नमस्कार केला आणि गेली. स्वतःच्या पायांनी, नाड्या नीट बांधून.

रडून घेतलं. आता पुरे. मला कोणी कागद दाखवून गप्प बसवणार असेल तर त्याची गाठ माझ्याशी आहे.

सोमवार, ९ सप्टेंबर

सुताराकडे गेले. रंधा थांबवून भला माणूस म्हणाला की आम्हाला मूलबाळ नाही. मागच्या भिंतीला दोन लहान खाटा उभ्या करून ठेवल्या होत्या. त्या कोणाच्या, विचारलं. त्याने बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं आणि गिऱ्हाइकाच्या असतील म्हणाला. त्याची बायको आतून बाहेरच आली नाही. ड्रायव्हरनेही तेच सांगितलं, वर चहा विचारला.

मधल्या सुट्टीत कॉम्प्युटरवर सहा ओळींना सहा क्रमांक दिले. चिंगीला वेगळा दिला, तिच्या ओळीत शिलाईबाईंचा पत्ता आला होता, तिथे माझा घातला. सेव्ह केलं. उघडून पाहिलं तर पुन्हा सगळ्यांना एकच क्रमांक. चार वेळा केलं, चारही वेळा तेच. पाचव्यांदा मोठ्या बाई मागे उभ्या होत्या. मी दमलेली दिसते, म्हणाल्या. त्यांनीच पासवर्ड बदलला.

दमलेली? मी अजून सुरुवातसुद्धा केलेली नाही.

मंगळवार, १० सप्टेंबर

मोठ्या बाईंनी आज पत्रं स्वतः काढली. पालकसभेची. यादीत एकही रिकामा रकाना ठेवला नाही म्हणून खूश होत्या. जे जे रिकामं होतं तिथे एकच क्रमांक भरून टाकला म्हणे.

माझा रकाना. कर्मचाऱ्यांच्या यादीत माझी ओळ, पहिली पत्रं गेल्यावर चढवलेली. तेव्हापासून तो भरायचा राहिला होता—

स्थळप्रत पाहिली. पहिलं पत्र. ‘आपली मुले पुढीलप्रमाणे’. सात नावं. सातवं माझं.

मधल्या सुट्टीत अण्णा भेटले, पोरांच्या घोळक्यात. मला ओळखत नव्हते. मी चिठ्ठ्यांची आठवण करून दिली, ‘ओढा’, ‘ढकला’. मिशी थरथरली. हळूच म्हणाले की छापलेलं तिचं. मग घंटा झाली आणि धावत वर्गात गेले. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, धावत.

छापलेलं तिचं. आणि शाईचं?

बुधवार, ११ सप्टेंबर

सकाळी ही वही पहिल्यापासून वाचली. बरं झालं वाचली. चिंगी कोण ते वाचेपर्यंत ठाऊकच नव्हतं.

अक्षर माझंच आहे. ताई आठवते. ताईला मुलगी होती हे मात्र वाचून कळतं, आठवत नाही. चेहरा डोळ्यांपुढे आणायला गेले की पट्ट्या दिसतात.

आठवत नाही तर नाही! माझ्या हातचं अक्षर माझ्याशी खोटं कशाला बोलेल? लिहिलंय ती माझी आहे, तर माझी आहे.

दुपारी शिलाईबाई कचेरीत आल्या. न विचारता माझ्या खांद्यांचं माप घेतलं. मग हाताचं. मोजपट्टी गार होती. मी हलू शकले असते. हलले नाही. बरं वाटत होतं—फार बरं वाटत होतं, हेच भयंकर.

त्या गेल्यावर कपाट ‘ओढलं’, अण्णांचं जाड रजिस्टर पिशवीत घातलं आणि दार ‘ढकलून’ बाहेर पडले. कोणी अडवलं नाही. चोरी म्हणायची तर म्हणा.

गुरुवार, १२ सप्टेंबर

कामावर गेले नाही.

रजिस्टर उघडलंय. दाखल क्रमांक ४१२. माझीच शाई. बाकी सगळं भरलेलं, पालकाचा रकाना रिकामा. एका रकान्यापायी—

नाही, रडायचं नाही. आधी लिहायचं.

ताई, रागावू नकोस. तुझी जागा घेत नाही. तू नाहीस, एवढं मान्य करते. हे घे—

लिहिलं. पालक: मावशी. पुढे माझं पूर्ण नाव. खाली सही. पेन इतकं दाबलं की मागच्या पानावर उमटलं.

दुपार

जिन्यावर पावलं. पुष्कळ.

दार वाजतंय. मोठ्याने नाही, मायेने. शिलाईबाई लेकी, घरी चल म्हणतायत. माझे पाय आपोआप—

खुर्चीला धरून बसलेय. जाणार नाही. मी कोणाची लेक आहे ते मला पक्कं ठाऊक आहे.

दाराच्या फटीतून पाहिलं. बाईंच्या हातावर सातवा शर्ट, घडी घातलेला. मागे सहा जण. अण्णा कळले, टकलामुळे. बाकी चेहरे—एकही ओळखीचा नाही. यातली कुठली?  चार मुली सारख्याच वाटतात—चार कुठल्या, तीनच आहेत—मोजता येत नाहीये—

वही चाळली. बूट. बूट बघ, बाई, बूट.

पहिला, नाड्या लोंबतायत. दुसरी, लोंबतायत. तिसरी, चौथा, तसेच.

पाचवी. दोन गाठी. टोकं आत खोचलेली.

ती आहे. ती माझी आहे.

बाईंचा स्वतःचा मुलगा बाईंना लखलाभ. सुताराच्या दोघी, ड्रायव्हरचा, अण्णा, सगळ्यांच्या ओळी आहेत या रजिस्टरात आणि पेनात शाई भरपूर आहे. एकेकाचा रकाना भरीन. पण आधी ही.

कडी काढतेय. रजिस्टर बगलेत. बाई आत वाकून हसतायत, मोजपट्टी पुढे—पाचवी वर बघतेय, माझ्याकडे, तिचे ओठ हलले, ‘माव—’

धरला! हात धरला तिचा, आता कोणीही—