रिपोर्ट यायच्या आत

प्रिय उत्तरेश्वर,

पालीला थंडी चांगली उतरली आहे. सकाळी उठून ओट्यावर आले की समोरचा डोंगर नसतोच. बिंदुसरेच्या पाण्यावरून धुकं सरकत येतं, आधी सीताफळाची बाग दिसेनाशी होते, मग गोठा, आणि मी गोधडी लपेटून बघत राहते. उन्हं वर आली की एकेक गोष्ट सावकाश आपल्या जागी परत येते. तुझे दाजी पातळ चहा करून आणतात आणि म्हणतात, "कावून उठलीस एवढ्या सकाळी? पड की जरा." मी पडत नाही. झोप आणि जाग यांच्यामधला पडदा या दिवसांत फार विरळ झालाय. कधी बसल्या बसल्या स्वप्न पडतं, तर कधी झोपेत गोठ्यातल्या गाईच्या घंटेचा आवाज अगदी स्पष्ट येत असतो.

टाके सुकलेत. मऊ भात, मुगाचं पाणी, ताक एवढं पोटात राहतं. डॉक्टरीणबाईंनी चालायला सांगितलंय, म्हणून आम्ही दोघं धरणाच्या भिंतीपर्यंत जाऊन येतो. दाजी माझा हात धरून चालतात. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, लेक आरोही कॉलेजला गेली, पण गावातून असं हात धरून आम्ही कधी चाललो नव्हतो. पहिल्या दिवशी शेजारच्या मालनबाई नळावर थांबून बघत राहिल्या. म्हणाल्या, "बरं झालं बाई, आजारपणानं का व्हईना, सवड गावली तुमाला." दाजी कानापर्यंत लाजले, पण हात काही सोडला नाही.

आजाराचं तुला तुकड्यातुकड्यांनीच कळलंय, कारण मी फोनवर सांगायला लागले की तू "अक्का, काई व्हत न्हाई तुला" म्हणतोस आणि फोन वनिताच्या हातात देतोस. म्हणून नीट सांगते. पावसाळ्यात मला परसाकडे रक्त जायला लागलं. मूळव्याध असेल म्हणून मी पुड्या घेत राहिले. असलं काही बोलायची लाजही वाटते ना. मग एकदा बागेत फळं तोडताना डोळ्यांपुढं अंधारी आली आणि दाजींनी सरळ गाडी काढून संभाजीनगरला नेलं. तिथं दुर्बिणीनं आतडं तपासलं, आत गाठ दिसली. तिचा तुकडा तपासून आला तो कॅन्सर म्हणूनच. ऑपरेशनमध्ये आतड्याचा तेवढा भाग काढला आणि त्याच्या आजूबाजूच्या बारीक गाठीही काढून तपासायला पाठवल्या. त्या गाठी स्वच्छ निघाल्या तर फक्त अधूनमधून दाखवायला जायचं. नाही निघाल्या, तर सलाईनमधून कॅन्सरची औषधं, बरेच महिने. तेवढ्याचा रिपोर्ट यायचाय. यायला हवा होता, पण अजून थोडं थांबा म्हणाले.

दाजी फोन शर्टाच्या वरच्या खिशात ठेवतात. घरात रेंज नसते म्हणून दर थोड्या वेळानं काहीतरी निमित्त काढून रस्त्यापर्यंत जातात. आले की माझ्याकडे न बघता म्हणतात, "न्हाई आला." मला हायसं वाटतं. हे कुणाला सांगितलं तर वेड लागलंय म्हणतील. पण खरंच, तो फोन येत नाही तोवर मी आजारी नाही आणि बरीही नाही. पाण्यावर पडलेलं पान असतं ना, तशी आहे. हुरड्यात आलेल्या ज्वारीचा वास दुपारी वाऱ्याबरोबर ओसरीपर्यंत येतो. पूर्वीही येत असेल, मला तेव्हा वेळ नसायचा.

भीती वाटत नाही असं नाही रे. परवा दुपारी दाजी बागेत पाणी द्यायला गेले होते. मी मागोमाग हळूहळू गेले, तर ते एका झाडापाशी उभे राहून बोलत होते. "औंदा एक फळ न्हाई धरलं तरी चालंल, पन हिला..." एवढंच म्हणाले आणि कपाळ खोडाला टेकवलं. मी तशीच मागं फिरले. घरी येऊन तोंडावर पदर घेऊन रडले. ते आले तेव्हा डोळे पुसून डाळ निवडत बसले होते. त्यांचेही डोळे लाल होते. आम्ही दोघांनी एकमेकांना कांदा चिरल्याचं सांगितलं, आणि घरात त्या दिवशी कांदा नव्हताच.

स्वप्नं मात्र मोठी शांत पडतात. एक तर पुन्हा पुन्हा पडतं. धरणाचं पाणी उमापूरच्या आपल्या घरात शिरतंय, पण कुणी घाबरत नाही. तांबे, पातेली, आईची परात, सगळं तरंगतंय. बाजेवर अण्णा बसलेत, पांढऱ्या बंडीत, दोन्ही गुडघे पोटाशी घेऊन. पाणी त्यांच्या पायांना लागतंय आणि ते रेडिओ ऐकतायत. मी त्यांना हाक मारते. ते माझ्याकडे बघतात, काही सांगायला तोंड उघडतात, आणि मी जागी होते.

अण्णांचं ते बसणं तुला आठवतं का? तू फार लहान होतास. गुडघे पोटाशी दाबून, हनुवटी गुडघ्यावर टेकून ते तासन्‌तास बसायचे. तू त्यांची नक्कल करायचास आणि सगळ्यात मोठ्यानं तेच हसायचे. आई वीट तापवून, फडक्यात गुंडाळून त्यांच्या पोटाला शेक द्यायची. गाव म्हणायचं, माणिकरावांना पोटशूळ आहे. अंगावरची बंडी ढगळ व्हायला लागली, तोंडावर पिवळेपणा आला, आणि पन्नाशीच्या आतच गेले. आत नेमकं काय होतं ते कुणी बघितलं नाही. बघता येतं हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

ऑपरेशनच्या आधी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात कुणाला असा आजार होता का. मी आधी नाही म्हटलं. मग काय सुचलं कोण जाणे, अण्णा कसे बसायचे ते सांगितलं. त्या लिहायच्या थांबल्या. खुर्ची पुढं ओढून त्यांनी विचारलं, "तुम्हाला भावंडं किती?"

आता हे पत्र कशासाठी ते सांगते. गेल्या आठवड्यात वनिताचा फोन आला होता, तू दुकानात असताना. हळू आवाजात म्हणाली, "अक्का, यांना बी रक्त जातंय. जळालेल्या मोटारीत तारा भरत दिसभर बसून मूळव्याध झालीय म्हन्तेत, आन् तुमाला सांगू नको म्हन्लेत." माझ्या गाठीचा तुकडा तपासून आला त्या दिवशीही मी एवढी घाबरले नव्हते. उत्तरेश्वर, मूळव्याधच असेल. देव करो आणि तेवढंच निघो. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्यात, भावाची तपासणी झालीच पाहिजे, आणि रक्त जात असेल तर एक दिवसही थांबू नका. येत्या गुरुवारी संभाजीनगरला त्यांच्याकडेच दाजींनी तुझा नंबर लावलाय. मी मुद्दाम रिपोर्ट यायच्या आत लिहितेय. तो चांगला आला तर तू लातूरभर पेढे वाटशील आणि स्वतःचं विसरशील. वाईट आला तर दुकान बंद करून माझ्या उशाशी येऊन बसशील आणि तरीही स्वतःचं विसरशील. आज माझ्याकडे सांगायला बरी-वाईट कुठलीच बातमी नाही, म्हणून आज तुला माझं ऐकावं लागेल. मालनबाईंचा मुलगा बंकट उद्या गाडी घेऊन लातूरला निघालाय, त्याच्या हाती हे देतेय. तू पुरतं वाचेपर्यंत तो दुकानातून उठणार नाही, तसं बजावलंय. तपासणीच्या आदल्या दिवशी नुसतं पातळच घ्यायचं असतं, म्हणून बुधवारीच इकडे पालीला ये. मुगाचं पाणी दोघं मिळून पिऊ.

वाट बघणारी,
तुझीच अक्का