देवीच्या खांबाला हातोडी

आबा,

तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आज माधवनगरच्या गिरणीत, तुमच्या त्या सूत रंगवायच्या रंगखात्यात मला तुमच्याशीच भांडावं लागलं. मालकांना छपरावर सोलर बसवायचंय. शेडचे लोखंडी खांब तेवढं वजन पेलतील का, हे तपासायला त्यांनी मलाच बोलावलं. फोरमनची पोरगी इंजिनिअर झाली, याचं त्यांना कौतुक. छपराचा भार, वाऱ्याचा रेटा, खांबांची उंची, सगळं गणित मांडलं. सोलर राहू द्या, आहे ते छप्पर तरी मधला खांब पेलेल, याची खात्री देता येईना. पायाशी लोखंड निम्मंही उरलेलं नाही. उरेल कसं? तुम्ही त्यावर देवीची तसबीर लावलीत, रोज पायाशी तांब्याभर पाणी ओतलंत, दर खंडेनवमीला नारळ फोडलात आणि गंजावरच लाल रंग फासलात. तुमच्यामागं लोकांनी तेच चालू ठेवलं.

शाळेत असताना एकदा पूजेला आले होते. मी खांबाचा पोपडा नखानं काढतेय, आतून भुगा पडतोय, आणि तुम्ही सगळ्यांदेखत पाठीत धपाटा घालता. "देवीच्या खांबाला नख लावतीस? अक्कल हाय का न्हाई?" मग तो भुगा तुम्ही पायानं बाजूला सारलात. म्हणजे दिसला होता तुम्हाला! तरी पुढच्या वर्षी पुन्हा रंगच.

आज म्हटलं, शेड रिकामी करा. कुणी हलेना. तुमच्या हाताखाली शिकलेले मुकादम हसले. "आवं ताई, तुमचं आबा उभा जन्म ह्याच खांबाला टेकून बसलं. कवा काय झालं का? देवी हाय की." सगळ्यांनी माना डोलावल्या, मशिनी चालूच. मालकांनीही तसबिरीला हात जोडले. संताप झाला माझा. एवढी माणसं त्या छपराखाली, आणि मेल्यावरही त्यांना तिथं धरून ठेवलंय ते तुम्ही!

मी टोकदार हातोडी घेतली. फार जोरही लावला नाही. टोक रंगातून सरळ आत गेलं. मुकादमांनी वाकून भोकात बोट घातलं, ते पार आत गेलं. वर न बघताच ते ओरडले, "मशिनी बंद करा रं! समदी भाईर चला!"

पत्ता असता तरी हे तुम्हाला धाडलं नसतं. हातोडी उचलण्याआधी मी चपला काढल्या होत्या, आणि देवीला नाही, तुम्हालाच मनात म्हटलं होतं, आबा, रागावू नका.