दोन मीटर एकतीस

३ जून, मंगळवार

ओसोयनाला पोहोचलो. पेर्निकपासून दोनशे चाळीस किलोमीटर, व्हॅनने चार तास दहा मिनिटं, ध्वनिमुद्रणाच्या मशीनला एकही धक्का न लागू देता. गावाच्या नावाचा अर्थ सावलीतला उतार, आणि नाव खोटं नाही. सहाच्या आतच सूर्य डोंगराआड जातो.

'वार्नित्सा' हा इथलाच रॉक बँड. वार्नित्सा म्हणजे चुन्याची भट्टी. तिघंच जण. वेसेलिना गाते आणि गिटार वाजवते, एरवी बालवाडीत शिकवते. गेन्चो बेस वाजवतो, त्याची बेकरी आहे आणि तोंड कधी बंद नसतं. स्तामेन ड्रमवर. पोटापाण्याला गवंडी, बापही गवंडी, आजाही. कुठल्या कंपनीच्या पायऱ्या न झिजवता तिसरा अल्बम करताहेत, जुन्या तंबाखूच्या गोदामात. अशी माणसं मला आवडतात. मीही कुणाच्या पायऱ्या झिजवलेल्या नाहीत. वीस वर्षं खाणीत वीजतंत्री होतो. आवाजाची सगळी विद्या मोडके रेडिओ उघडून मिळवली.

सव्वाचारला कॉफी घेताना अट सांगितली. आजवर सव्वीस तबकड्या केल्या, एकीवरही माझं नाव नाही. कुठे 'तांत्रिक साहाय्य', कुठे भलत्याच पदवीवाल्याचं नाव. या वेळी वेष्टनाच्या मागच्या बाजूला, स्वतंत्र ओळीत: ध्वनिमुद्रण : ओग्न्यान त्रिफोनोव बोयाजिएव. वडिलांच्या नावासकट. वेसेलिना म्हणाली, ओग्न्यान त्रिफोनोव, अहो तुमचं नाव नाही छापायचं तर कुणाचं छापायचं! हातावर हात मारून कबूल केलं.

प्रतिध्वनीसाठी मला कोऱ्या विटांची बंद खोली लागते. एका टोकाला स्पीकर, दुसऱ्या टोकाला माईक. स्तामेन म्हणाला, कोपऱ्यात उद्याच उभी करतो, भिंत छतापर्यंत नेतो, पण आधी गोदामाची उंची हवी. शिडी कशाला, म्हणाला, उन्हात उभे राहा. माणसाची सावली आणि इमारतीची सावली मोजली की उंची निघते. हे त्रैराशिक मला अठराव्या वर्षी कुणी न शिकवता सुचलं होतं, त्यामुळे खुशीने उभा राहिलो. त्याच्याकडे मोजपट्टी नव्हती. (गवंड्याकडे मोजपट्टी नाही! तोंडावर बोललो त्याला.) म्हणून रिळाच्या टोकाची कोरी टेप दिली. त्याने ती माझ्या बुटाच्या टोकापासून धरली. मी म्हटलं, गाढवा, टाचेपासून धर, नाहीतर माप चुकेल. त्याने निमूट टाचेपासून धरली आणि डोक्याच्या सावलीशी कापली. माझ्या छोट्या फूटपट्टीने पडताळून पाहिली. दोन मीटर एकतीस. वेळ सव्वापाच.

गेन्चो म्हणाला, उस्ताद, जपून हं, जुने गवंडी अशीच सावली मोजून ते माप भिंतीत चिणायचे; माणूस चाळीस दिवसांत गार, आणि भिंत मात्र शंभर वर्षं हलायची नाही. मी म्हटलं, चिणा खुशाल, पण भिंत ओळंब्यात पाहिजे. सगळे हसले. स्तामेन सगळ्यांत शेवटी.

५ जून

खोली तयार. आत तीन मीटर बाय दोन. भिंत ओळंब्यात आहे, मान्य करतो. सिमेंट नाही, चुनाच वापरला. स्तामेन म्हणतो, चुना सावकाश धरतो, चाळीस दिवस घेतो, पण एकदा धरला की छिन्नीलाही दाद देत नाही. गोदामाची सावली मोजायची राहूनच गेली याची मी आठवण केली. तो म्हणाला, नजरेने अंदाज घेतला. मला असलं अंदाजपंचे काम चालत नाही.

आज कळलं की माझ्याआधी दोन वर्षांत चार जण येऊन गेले. सगळे राजधानीचे, सोफिया शहरातले, पदवीवाले, संगणक घेऊन आलेले. दिवसा जे मुद्रित करावं ते सकाळी कोरं. एक जण तर बसून रडला म्हणे. मी पोट धरून हसलो. पदवीला आवाज सापडत नसतो.

पहिलं गाणं झालं, चार टेक. दर टेकच्या आधी माझ्या आवाजात नोंद असते: ओग्न्यान बोयाजिएव, गाणं अमुक, टेक तमुक. ही माझी पद्धत.

६ जून

सकाळी नऊला तिघं दारात उभे, श्वास रोखून. मी बटण दाबलं. वेसेलिनाचा आवाज आला, जसा काल धरला होता तसा, एक केस इकडचा तिकडे नाही. गेन्चोने माझ्या हाताचं चुंबन घेतलं, वेसेलिना रडली. बेकरीतल्या गरम बानित्साचा पहिला तुकडा मला, राकिया दारूचा पहिला पेला मला. म्हणाले, उस्ताद, आता हे टिकणार. टिकणारच. दोन वर्षं चौघांना जे जमलं नाही ते खाणीतल्या एका वीजतंत्र्याने एका दिवसात केलं.

स्तामेन मात्र मशीनकडे न बघता भिंतीकडे बघून छातीवर क्रूस काढत होता. शेवटी गवंडीच तो.

१२ जून

चार गाणी. एक गोष्ट नोंदवून ठेवतो. एवढ्याशा खोलीत प्रतिध्वनी फार तर दीड-दोन सेकंद टिकावा. माझा सहा सेकंद टिकतो. तीनदा घड्याळ लावलं. सहा, सहा, सहा. आणि काय प्रतिध्वनी! वेसेलिनाची शेवटची ओळ संपते आणि तिच्यामागे कुणीतरी उबदार श्वास घेऊन उभं आहे असं वाटतं. असलं काम मी आयुष्यात केलेलं नाही. कारण सापडत नाही, पण सापडेल.

जिना चढताना धाप लागते. मला काही उचलू देत नाहीत. गेन्चो म्हणतो, उस्ताद, तुम्ही फक्त बसा आणि खा, तुम्हाला काही झालं तर आमचं कसं व्हायचं!

१९ जून

कारण सापडलं.

रीळ साफ करताना हिशेब केला. माझी टेप सेकंदाला अडतीस सेंटीमीटर धावते. सहा सेकंदांची किती होते? दोनशे अठ्ठावीस. सेकंदाचा बारीक अंश धरला तर दोनशे एकतीस.

सव्वापाचला अंगणात गेलो. त्याच जागी, तेच बूट. जूनच्या उन्हात पंधरवड्यात चार-सहा सेंटीमीटर इकडेतिकडे व्हावेत. टाचेपासून मोजलं. एक मीटर एकोणचाळीस. पुन्हा मोजलं. शेजारी गेन्चो सिगारेट ओढत होता, माझ्याहून बुटका. त्याची सावली माझ्यापेक्षा लांब. त्याने पाहिलं की मी पाहतोय, आणि पाय हळूच मागे घेतला.

दिवसाला पावणेसहा सेंटीमीटर. भागाकार सोपा आहे. १३ जुलै.

२० जून

विचारलं. वाटलं होतं नाकबूल करतील. स्तामेनने नाकबूल केलं नाही, साधा ओशाळलाही नाही. मला खोलीत नेलं, खालून तिसऱ्या थरातला सांधा दाखवला आणि म्हणाला, बोट घालून बघा, चुना अजून ओला आहे. घातलं. आत टेपचं टोक लागलं. म्हणाला, ओढा, जाळा, आणि जा घरी, सावली आठ दिवसांत परत येईल. कुणी अडवणार नाही. फक्त सातही गाणी कोरी होतील.

मी म्हटलं, आधी प्रत काढून घेतो. वेसेलिना म्हणाली, तुमच्याआधीच्या एकाने सहा प्रती काढल्या होत्या, सहाही कोऱ्या झाल्या. हळू आवाजात म्हणाली, बालवाडीत मुलांना समजावतात तसं.

शिव्या दिल्या. माझीच निवड का, असं विचारलं. गेन्चो म्हणाला, त्या चौघांचीही सावली मोजायचा प्रयत्न केला होता हो, पण एकही उन्हात धड उभा राहीना. तुम्ही उभे राहिलात, वर टाचेपासून धर म्हणालात. आम्ही तर बुटाच्या टोकापासून धरणार होतो, ते माप चाललंच नसतं.

तिघं बाहेर गेले. दार उघडं. छिन्नी टेबलावर ठेवून गेले. मुद्दाम.

२१ जून

ओढायचं ठरवून गेलो. आधी एकदा सातही गाणी ऐकली.

ओढलं नाही. आज नाही. चुना आणखी पंधरा दिवस तरी ओला राहील, खिळा टोचून पाहिलं. नऊ गाण्यांचा अल्बम. दोनच राहिलीत. पुरा झालेला एकदा ऐकेन, पहिल्यापासून शेवटपर्यंत, न थांबता. मग ओढेन. एवढा माझा हक्क आहे.

२८ जून

सत्त्याऐंशी सेंटीमीटर. खिळा अजून जातो, दोन बोटं आत.

आठवं गाणं अकरा टेकमध्ये. वेसेलिना दमली होती, मी सोडलं नाही. आता तिघं माझं सगळं ऐकतात. बेस हळू म्हटलं की हळू. माझ्या शब्दावर असं कुणी कधी चाललं नव्हतं.

जुन्या नोंदी ऐकल्या. सुरुवातीला माझा आवाज असतो ना, ओग्न्यान बोयाजिएव, गाणं पहिलं? आता फक्त 'गाणं पहिलं, टेक चार' ऐकू येतं. आधी नुसती फरफर. टेप तपासली. कापलेली नाही.

४ जुलै

नववं झालं. पुरा अल्बम ऐकला. एकेचाळीस मिनिटं.

ओढायला गेलो. हात सांध्याशी नेला. मनात आलं, मी ओढलं तर हे कधी झालंच नव्हतं. पेर्निकला परत. मोडके रेडिओ. कुणाला सांगणार, आणि कोण खरं मानणार? मागच्या बाजूला स्वतंत्र ओळ असेल. शंभर वर्षं राहील. वडिलांच्या नावासकट.

बावन्न सेंटीमीटर.

राहू दे, असं ठरवलं. माझं मी ठरवलं, कुणी ठरवायला लावलं नाही. हे इथे लिहून ठेवतो. स्तामेनला सांगितलं. त्याने टोपी काढली. गेन्चोने सिगारेट विझवली.

८ जुलै

प्लोव्हदिवच्या छापखान्यातून वेष्टनाचा नमुना आला. उलटून पाहिला. गाणं: वेसेलिना. बेस: गेन्चो. ड्रम: स्तामेन. गोदामाचा फोटो. बस.

मला वाटलं चूक. चूक दाखवायला गेलो. स्तामेन म्हणाला, चूक नाही उस्ताद. चिणलेल्याचं नाव घेत नसतात. नाव घेतलं की तो जागा होतो आणि भिंत सोडतो. ओसोयनात शेंबडं पोरसुद्धा जाणतं.

वेसेलिनाला म्हटलं, तू हातावर हात मारला होतास. ती म्हणाली, तेव्हा सव्वाचार वाजले होते. सावली सव्वापाचला मोजली.

बरोबर आहे. वेळ बरोबर आहे. माझीच नोंद.

तेव्हापासून एकदाही कुणी मला नावाने हाक मारलेली नाही. मागची सगळी पानं चाळली. उस्ताद. उस्ताद. उस्ताद. आणि मी सुखावत होतो.

आता ओढणार. सगळं कोरं होऊ दे.

९ जुलै

खिळा जात नाही.

छिन्नी लावली. सकाळभर. नखाएवढा चुरा. स्तामेन दारात उभं राहून बघत होता. म्हणाला, या उन्हाळ्यात लवकर धरला. मग म्हणाला, उस्ताद, कोन चुकतोय, छिन्नी तिरपी धरा. खरंच चुकत होता.

१० जुलै

हातात जोर नाही. दोन वेळा हातोडी पडली.

बस थांब्यावर गेलो. सगळ्यांच्या पायाशी सावल्या — माझ्या पायाशी डाग. बाकावरची बाई उठून दुसरीकडे बसली. पुलापर्यंत जाता आलं नाही. गेन्चो पावाच्या गाडीतून परत घेऊन आला. वाटेत गरम पाव दिला — चव नाही.

११ जुलै

स्वतःचं नाव मोठ्याने घ्यायचं. जागा होतो म्हणाले ना — मीच घेतो —

माईक उघडला. बोललो. तीनदा. ऐकलं तर फरफर. सहा सेकंद. मग खोलीतून, भिंतीच्या आतून — माझ्याच आवाजात — 'टेक पाच'.

मी पाच म्हटलं नव्हतं.

१२ जुलै

सहा सेंटीमीटर. नीट वाचता येत नाही पट्टी —

वेसेलिना आली. मी म्हटलं एकदा म्हण. हळू म्हण. कुणी ऐकणार नाही. तिने माझे केस सारखे केले. म्हणाली, उस्ताद, गाणी किती सुंदर झालीत, हो ना. म्हटलं हो. हो म्हणालो मी —

१३ जुलै

पाच वाजून तीन.

छिन्नी उचलत नाही. पेन अजून —

तिघं गोदामात. अल्बम लावलाय, सुरुवातीपासून. दुसऱ्या गाण्यात बेस थोडा वर हवा होता — आता कोण —

टाचेशी काही नाही. बघितलं. दोन्ही टाचा.

प्रतिध्वनी सहाच्या पुढे चाललाय. सात. आठ. थांबत नाही. आत कुणीतरी श्वास — मी घेतो तेव्हाच —

वेष्टनावर नाही. टेपवर नाही. इथे तरी. स्वतंत्र ओळीत.

ध्वनिमुद्रण : ओग्न्