ओला कासरा

गुरुजी, तुम्ही आखलेलं मैदान कमी भरतं. चारशे मीटरचा फेरा तीनशे ऐंशीचा निघाला. स्टीलच्या टेपनं मी तीन वेळा मोजलं, आतल्या कडेच्या दगडांपासून तीस सेंटिमीटर सोडून, नियमात आहे तसं. वळणावर दर मीटरला खिळा ठोकला आणि टेप खिळ्यांवरून फिरवली. तिन्ही मापांत फरक वितीच्या आतला. पहिल्या वेळी टेपच खोटी वाटली, म्हणून शेजारच्या सुताराची आणून ताडून पाहिली. टेप खरी होती.

तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. मी आता सत्तेचाळीसचा आहे. आपल्या बीडकडच्या शिरूरला माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे, ते तुम्ही पाहिलं नाही. कुठला कोर्स केला नाही. जळक्या मोटरी उकलून, वेढा न् वेढा वहीत उतरवून शिकलो. तार कोणत्या जाडीची, ते बोटानं सांगतो आणि मग मापकानं तपासतो. माझ्या हातची मोटर परत येत नाही. रोज पहाटे तुमच्या त्याच मैदानावर पोलीस भरतीच्या पोरापोरींना पळवतो. अकरा वर्षं झाली. आणि वेढे मोजणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला ते मैदान एकदा मोजून बघावं असं अकरा वर्षांत वाटलं नाही, कारण ते तुम्ही आखलेलं होतं.

तुम्ही आखलं तो दिवस मला लख्ख आठवतो, कारण चुन्याची बादली माझ्या हातात होती. शाळेत टेप नव्हती. तुम्ही आमच्याच घरून बैलांचे दोन अंबाडीचे कासरे मागवले, एकाला एक गाठ मारली, शाळेच्या लाकडी मीटरपट्टीनं वीस वेळा मोजून दोन्ही टोकांना चिंध्या बांधल्या. वीस मीटरचा कासरा, असे वीस कासरे म्हणजे चारशे मीटर. मग रेघ आपोआप उमटावी म्हणून तुम्ही अख्खा कासरा चुन्याच्या पाण्यात बुडवला आणि ओलाच जमिनीवर टाकत गेलात. जिथं जिथं चिंधी आली तिथं रेघेच्या आत फूटभर आम्ही दगड पुरला. पोरं म्हणाली, काय डोकं हाय गुरुजींचं! माझे बापू तेवढे कंपाउंडाशी बसून हसत होते. म्हणाले, "गुरुजी, हे पळतंय त्ये बी गोलच. निघालं तिथंच येतंय. मग पळायचं कावून?" तुम्ही चुन्याचे हात तसेच धरून म्हणालात, "तुमी बी कोयता घिऊन जाताच की बापू. सहा म्हैन्यानं येता कुठं?" त्या साली ऊसतोडीला जाताना बापूंनी मला पहिल्यांदा मागं ठेवलं, चुलतीपाशी.

पुढची दोन वर्षं दिवस कासराभर वर येईस्तोवर मी त्या रेघेवर असे. तुम्ही दुसऱ्या वळणावर, हातात घड्याळ घेऊन. खिशात गूळ-शेंगदाणे, ते मात्र वेळ सुधारली तरच. तुमचं एक बोलणं मी पोरांना अजून सांगतो, माझं म्हणून नाही, तुमचं म्हणूनच सांगतो: "देवानं दिलेलं अंग वापरून झिजवून जावं बे. कोरं घिऊन वर जाऊ ने." पंधराशे मीटरला मी चार मिनिटं बावीस सेकंदावर आलो. तुम्ही तो आकडा वर्गाच्या फळ्यावर लिहिलात आणि आठवडाभर कुणाला पुसू दिला नाही. गणिताचे सर उरलेल्या फळ्यावर गणितं सोडवत होते.

मग विभागाची स्पर्धा, औरंगाबादला. मी सातवा आलो. चार छत्तीस. चौदा सेकंद कुठं गेले, मला कळेना. परतीला बस गेवराईच्या स्टँडवर थांबली. तिथं तुम्ही चहा घेतला, बशी खाली ठेवली आणि म्हणालात, "मागं बघितलंस तू. तिसऱ्या फेऱ्यात." मी म्हणालो, "न्हाई गुरुजी." तुम्ही म्हणालात, "पाय दिले तुला. काळीज द्यायचं राहिलं." एवढंच. आवाजही चढवला नव्हता.

त्या दिवाळीनंतर मी बापूंबरोबर ऊस तोडायला गेलो. ट्रकच्या फळीवरून मोळी घेऊन चढताना मुकादम म्हणायचा, "काय पाय हाएत गड्याचे!" आणि मला पुढचं वाक्य ऐकू यायचं. तोडीहून आम्ही परतल्यावर तुम्ही दोनदा घरी आलात. मी कडब्याच्या गंजीमागं बसलो होतो आणि आई म्हणत होती, "त्यो गावाला गेलाय गुरुजी." दुसऱ्या वेळी तुम्ही गंजीकडं बघत जरा जास्तच थांबलात. पुढं बऱ्याच वर्षांनी तुम्ही वारल्याचा निरोप आला तेव्हा मी एक मोटर उकलून बसलेलो होतो. हातातलं काम अर्धं सोडता येत नाही, असं मी निरोप्याला सांगितलं. सोडता येत होतं.

हे सगळं तसंच राहिलं असतं. पण मागच्या महिन्यात माझ्याकडची एक मुलगी बीडला सरावाची धाव पळून आली. आईबाप तोडीवर असतात, ही आजीपाशी राहून तयारी करते. आठशे मीटर इथं दोन एक्कावन्नात पळते, तिथं तीन मिनिटं लागली. सगळ्यांसमोर मी म्हणालो, "पाय हाएत तुला. काळीज न्हाई." शब्द तोंडातून गेले आणि गेवराईच्या चहाची चव जिभेवर आली. त्या दिवशी मी खाली मान घातली होती. हिनं घातली नाही. म्हणाली, "सर, जीव तोडून पळाले. तिथलं ग्राउंडच मोठं हाय." पोरं खो खो हसली. एक म्हणाला, "चारशेचं ग्राउंड मोठं कसं आसंल बे? रबराचं हाय का?" ती म्हणाली, "मंग मोजा की! सर सगळंच मोजतेत, हे बी मोजा."

म्हणून मोजलं, गुरुजी. वीस मीटर कुठं गेले ते दोन दिवस उमगेना. मग बादली आठवली. आता सगळे कासरे नायलॉनचे. अंबाडीचा मिळवायला सिरसाळ्याच्या बाजारापर्यंत गेलो, एका म्हाताऱ्यानं हातानं वळलेला, हवा तेवढा लांब दिला. कोरडा वीस मीटर मोजला, चिंध्या बांधल्या, चुन्याच्या पाण्यात बुडवून पसरला. एकोणीस भरला. भिजला की तो आखडतो. आपल्याकडं पोरासोरालाही हे ठाऊक असतं. पावसात बांधलेल्या बैलाची गाठ सुटत नाही ती त्यामुळंच. तुम्हालाही ठाऊक होतं. बादली धरणाऱ्या मलाही होतं. रेघ सुबक उमटत होती, तिच्याकडं बघण्यात दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

मुलीला बोलावून मी सगळ्यांसमोर माझं वाक्य परत घेतलं. सातशे साठला दोन एक्कावन्न, म्हणजे आठशेला बरोबर तीन मिनिटं. ती म्हणाली, "म्हंजी मी कमी पळालेच न्हाई." मी म्हणालो, "न्हाई." दगड आता सरकवले आहेत. पोरं कुरकुरतात, मैदान वाढवलं म्हणून.

मग घरी येऊन माझं गणित मांडलं. आपले पंधराशे म्हणजे चौदाशे पंचवीस होते. त्याला चार बावीस, तर पूर्ण पंधराशेला चार छत्तीस. पाच वेळा मांडलं, सेकंदाचाही फरक नाही. मी तिथं माझ्या पायात होतं तेवढं सगळं पळालो होतो. काळीज जागेवर होतं, गुरुजी. आखडला होता तो कासरा. एकतीस वर्षं हे मला माहीत नव्हतं, आणि तुम्हाला तर ते कळायचंच राहिलं. राग आला. खोटं कशाला बोलू, अजूनही आहे. दगड सरकवताना तुमच्या हातचा पहिला दगड उपटला, तेव्हा तो फेकायला हात वर गेला होता. मग धुऊन दुकानात ठेवला. वाइंडिंग करताना तारेचं भेंडोळं दाबायला बरा पडतो.

हा कागद त्या कासऱ्याच्या वेटोळ्यात ठेवणार आहे. पाठवायचा कुठं? पण मापात चूक ठेवून बंद करणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून एक राहिलेलं लिहितो. गेवराईला मी तुम्हाला 'न्हाई' म्हणालो होतो. ते खोटं होतं. तिथंही दुसऱ्या वळणावर उभा राहतो, असं तुम्ही कबूल केलं होतं. पहिले दोन फेरे तुम्ही तिथं होतात; तिसऱ्या फेऱ्यात मी वळण ओलांडलं, तुम्ही तिथं दिसला नाहीत. म्हणून मी मागं बघितलं होतं.