अधिक श्रावणातला मेहुणा

१६ जुलै २०२३, रविवार. क्रॉयडन, लंडन.

मी, परीक्षित मनोहर खांबेटे, बी.कॉम., वय चौपन्न, एका विमा कंपनीच्या हिशेब विभागात वरिष्ठ पदावर, आजन्म निर्व्यसनी, ही रोजनिशी एकाच उद्देशाने सुरू करीत आहे – माझा मेहुणा अंशुमन हा दारुडा नाही हे सिद्ध करणे, आणि गणपतीला त्याला कार्डिफला त्याच्या घरी सन्मानाने पोहोचविणे.

अंशुमन हा माझ्या पत्नीचा, वैजयंतीचा, धाकटा भाऊ. संगणकातला हुशार माणूस. जूनमध्ये त्याच्या बायकोने, नीनाने, त्याची बॅग भरली आणि त्याला क्रॉयडनच्या गाडीत बसवून दिले. तेव्हापासून तो आमच्या मागच्या खोलीत राहतो आणि तिथूनच ऑफिसचे काम करतो. पितो, हे मी नाकारीत नाही. परंतु दर वर्षी श्रावण कडक पाळतो – थेंबही नाही! दारुड्याला हे जमेल काय? पहिल्या आठवड्यात त्याला ताप येतो, तो हवेचा परिणाम. ताप अंगावर काढतो, पण व्रत मोडत नाही.

गणपतीला त्याला घेऊन येतो असा शब्द देऊन हा मुद्दा मी नीनाला फोनवर मांडला. ती म्हणाली, "भावोजी, तो श्रावण पाळतो म्हणूनच मला श्रावणाची भीती वाटते."

वाक्याला काही अर्थ लागत नाही. ती त्रासलेली आहे. सोडून दिले.

१७ जुलै, अमावास्या.

वैजयंतीने दिवे पुजले. मी अंशुमनला उद्याची आठवण करून दिली. तो हसला.

"भावोजी, कॅलेंडर बघा. उद्यापासून अधिक श्रावण. खरा श्रावण सतरा ऑगस्टला. अधिकात असली व्रतं धरत नाहीत."

कॅलेंडर पाहिले. पंचांग पाहिले. पुण्याला थोरल्या बहिणीला फोन केला. त्याचे बरोबर आहे! तिथीवरून मला आजवर कोणी दुरुस्त केले नव्हते. केले, तेही हातात बिअरचा डबा घेऊन.

१८ जुलै.

अधिक श्रावण सुरू. लोकांची गटारी एका रात्रीची असते. याची महिन्याची झाली.

२७ जुलै.

अंशुमन दुपारपर्यंत उठू शकला नाही. ऑफिसची मीटिंग होती. त्याच्या वतीने मी ईमेल लिहिला – पोटाचा विकार, त्याची संभाव्य कारणे, अपेक्षित सुधारणा. तासाभरात साहेबांचे उत्तर! महिन्यातील हे तिसरे पोट असून, तज्ज्ञाला दाखवावे. कंपनी खर्च करील.

वैजयंती म्हणाली, "अहो, इतकं मुद्देसूद लिहू नका. लोकांना खरं वाटतं."

५ ऑगस्ट.

जेवणात सिरक्यात मुरवलेला कांदा होता. अप्रतिम. तीनदा मागून घेतला. जेवणानंतर मी म्हणे उभे राहून आरती म्हटली. मला स्मरत नाही.

१२ ऑगस्ट, शनिवार.

अधिक मासात जावयाला तेहेतीस अनारशांचे वाण द्यावयाचे असते. सासू-सासरे हयात नाहीत, म्हणून तो मान अंशुमनकडे. हौसेने वेम्बलीला जाऊन त्याने एका बाईंकडून अनारसे करवून आणले. सकाळी स्नान करून, तबकात अनारसे, वर तुपाचा दिवा, असा समोर उभा राहिला.

आणि तबक वाजू लागले. आधी हळू, मग एखाद्या झांजेसारखे! दिवा कलंडला. तूप माझ्या पँटवर. दोन अनारसे सोफ्याखाली.

वैजयंती म्हणाली, भावनावश झाला आहे. मी म्हणालो, थंडी असावी. ऑगस्ट महिना होता, परंतु हा इंग्लंडचा ऑगस्ट.

अंशुमन स्वयंपाकघरात गेला. परत आला तेव्हा त्याचे हात दगडासारखे स्थिर. विधी यथासांग पार पडला. अनारसे उत्तम.

१३ ऑगस्ट.

पँटवरचा डाग काढण्यासाठी सिरका घेतला. डाग गेला नाही. वास घेतला. सिरका नव्हता.

पाच तारखेच्या आरतीचा उलगडा झाला.

अंशुमनला जाब विचारला. तो खाली मान घालून म्हणाला, "सकाळी थोडी घेतल्याशिवाय हात थांबत नाहीत, भावोजी." मी त्याला बजावले की सतरा तारखेला सगळेच थांबेल.

१६ ऑगस्ट.

रात्रीच्या जेवणाआधी त्याच्या हातावर पाणी देऊन संकल्प सोडविला. घरातल्या सर्व बाटल्या सिंकमध्ये रिकाम्या केल्या. तो बघत होता. मग म्हणाला, "हळूहळू सोडलं तर?"

मी म्हणालो, "व्रतात हप्ते नसतात."

हे वाक्य मला फार आवडले.

१७ ऑगस्ट.

निज श्रावण. थेंबही नाही. नीनाला कळविण्यासाठी फोन केला. तिने उचलला नाही.

१८ ऑगस्ट, शुक्रवार.

वैजयंती जिवतीच्या पूजेला बसली होती. मागच्या खोलीतून पलंग खडखडल्याचा आवाज आला. अंशुमन घामाने चिंब, ओकारीने बेजार, दात वाजताहेत. श्रावणातला ताप, मी म्हणालो. थर्मामीटर लावला.

ताप नव्हता. पुन्हा लावला. स्वतःला लावून पाहिला – यंत्र बरोबर होते.

वैजयंतीने पूजेतून उठून नीनाला फोन लावला. या वेळी तिने उचलला. तिचा आवाज मला दारातून ऐकू आला. "एकदम बंद केलं? आत्ताच्या आत्ता त्याला थोडी बिअर द्या आणि एक-एक-एकला फोन करा! मागच्या वर्षी त्याला फिट आली होती, ताई. मी सांगितलं होतं. तुम्ही सगळे म्हणालात, ताप डोक्यात गेला."

ज्या बाईने त्याला घराबाहेर काढले, ती मला बिअर आणायला सांगत होती! श्रावणात!

मी गेलो. कोपऱ्यावरचा गुजराती दुकानदार मला वीस वर्षे दूध आणि कढीपत्ता घेणारा म्हणून ओळखतो.

"अंकल, पार्टी?"

"औषध," मी म्हणालो.

"सब यही बोलते हैं," तो म्हणाला, आणि पिशवी दुहेरी करून दिली.

एक-एक-एक या सरकारी आरोग्य हेल्पलाइनवरच्या नर्सनेही नीनाचेच सांगितले – थरथर थांबेल इतकीच द्या, आणि झटका आला किंवा भास होऊ लागले तर थेट ॲम्ब्युलन्स. अर्ध्या तासाने अंशुमनच्या अंगातली थरथर कमी झाली. जिवतीपुढचे निरांजन अजून जळत होते. वैजयंतीने त्याच निरांजनाने भावाला ओवाळले. तो रडला. मी डबा दाबून चपटा केला आणि रिसायकलिंगमध्ये टाकला. दुसरे काय करावे, ते सुचले नाही.

२१ ऑगस्ट.

व्यसनमुक्तीच्या दवाखान्यात गेलो. नर्सच्या बिल्ल्यावर नाव – फ्लोरा पेणकर! तिचे आजोबा मुंबईचे बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू. मराठी बोलते, मोडकी, पण ठाम. 'श्रावण' शब्द तिला समजावावा लागला नाही.

"एकदम बंद नाही करायचा, काका. दर वर्षी एकदम बंद, मग एकदम सुरू – बॉडी दर वेळी जास्त घाबरतो. तुमच्या श्रावणात तो मेला असता."

मी विचारले, महिनाभर सोडू शकतो तो दारुडा कसा?

"महिना सोडतो ना. मग काय करतो?"

भाद्रपदाच्या पहिल्या दिवसाचे अंशुमनचे फोटो आमच्या सर्व नातेवाइकांकडे आहेत. आम्ही ते हसत पाहतो.

इस्पितळात जागा मिळेपर्यंत तिने प्रमाण ठरवून दिले. दर तीन दिवसांनी थोडे कमी. त्रास वाढला तर तिथेच थांबायचे आणि तिला फोन करायचा. मोजून देण्याचे काम घरातल्या सर्वांत काटेकोर माणसाकडे सोपवावे, असे ती म्हणाली. वैजयंती आणि अंशुमन दोघांनी एकाच वेळी माझ्याकडे पाहिले.

२ सप्टेंबर.

निज श्रावणात, आजन्म निर्व्यसनी असलेला मी, दूध मोजायच्या भांड्याने बिअर मोजतो. डोळ्यांच्या पातळीवर धरून, फेस बसल्यानंतर. अंशुमनचे मत – "भावोजी, तुमच्यासारखा बारवाला जगात कुठे टिकणार नाही."

आज त्याने पेला हातात घेतला. मग म्हणाला, "श्रावण सोपा होता. संपायची तारीख माहीत असायची. मी पाळत नव्हतो, भावोजी. वाट बघत होतो."

९ सप्टेंबर.

इस्पितळाचा निरोप – अठरा तारखेला दाखल व्हा. म्हणजे गणपतीला तो कार्डिफला नसेल! मी शब्द दिला होता. नीनाला फोन करून माफी मागितली. ती एवढेच म्हणाली की येते.

ऑफिसला कळविण्यासाठी मी पोटावर नवा मजकूर तयार करीत होतो. अंशुमनने लॅपटॉप स्वतःकडे ओढला. त्याने जे लिहिले ते दोन ओळींचे होते आणि त्यात पोट नव्हते.

१८ सप्टेंबर, हरतालिका.

नीना आणि त्यांची मुलगी उर्वी सकाळी आल्या. उर्वीने बापाची बॅग स्वतः उचलली. त्याला इस्पितळात सोडून आम्ही ट्रामने परतलो. वैजयंतीच्या मनात साचले होते ते बाहेर पडले – "नीना, तू त्याला असं घालवून द्यायला नको होतंस गं."

नीना खिडकीबाहेर बघत म्हणाली, "घालवलं नव्हतं, ताई. पंधरा वर्षं सांगत होते. तुम्हाला दिसावं म्हणून पाठवला."

पहिल्या पानावरील उद्देश रद्द.

– परीक्षित मनोहर खांबेटे
क्रॉयडन, १८ सप्टेंबर २०२३