बाबा आठ बावन्नला येतात

३ मार्च, सोमवार
डेटाबेस प्रशिक्षणाचा पहिला दिवस. रोज नऊ ते एक, पंधरा दिवस. हॉस्पिटलच्या तळघरातली खोली, खिडकी नाही, दोन एसी, त्यातला एक गळतो. आम्ही अठरा जण: बारा डेव्हलपर, पाच अ‍ॅडमिनिस्ट्रेटर आणि मी. मी रेकॉर्ड विभागातला हंगामी कारकून. आमचा विभाग महिनाअखेरीस बंद होणार. जो हे प्रशिक्षण पास होईल आणि ज्याची हजेरी नव्वद टक्के भरेल, तो संगणक विभागात कायम. बाकीचे घरी. माझं शिक्षण दुसऱ्या वर्षाला थांबलं आहे (थांबलं आहे, सुटलेलं नाही), पण हजेरीच्या बाबतीत मला कोणी हात लावू शकत नाही.
शिकवणाऱ्या मॅडमच्या पडद्यावर ‘प्रशिक्षण’मधला ‘शि’ दीर्घ होता. मी हात वर करून सांगितलं. शेजारी बसलेला डेव्हलपर हसला. हा माणूस दिवसभर कानाला हेडफोन लावून असतो, तरी हे बरं ऐकू आलं.
संकल्प: रोज एक पान उजळणी. पंधरा दिवसांत डेटाबेस अ‍ॅडमिनिस्ट्रेटर.

४ मार्च, मंगळवार
आज सिलेक्ट शिकलो, म्हणजे तक्त्यातून हवी ती ओळ शोधून काढणं. सराव करायला हॉस्पिटलच्या खऱ्या डेटाबेसची प्रत दिली आहे. ती रोज साडेनऊला ताजी होते. मॅडम म्हणाल्या, कर्मचाऱ्यांच्या तक्त्यात आपापलं आडनाव शोधा.
माझ्या आडनावाच्या दोन ओळी आल्या. एक मी. दुसरी बाबा. पद: लिफ्टमन. स्थिती: कार्यरत.
बाबांना जाऊन चौदा महिने झाले.
यात घाबरण्यासारखं काही नाही. नोंद बंद करण्याचा फॉर्म रेकॉर्ड विभागाकडून जावा लागतो. तो माझ्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये आहे, भरलेला आहे, फक्त पत्त्यातला एक ऱ्हस्व-दीर्घ तपासायचा राहिलाय. घाईत चुकीचा फॉर्म पाठवणाऱ्यांपैकी मी नाही.

५ मार्च, बुधवार
हजेरीचा तक्ता उघडला. बाबांची ओळ पाहिली, सहज, सराव म्हणून.
३ मार्च, ८.५२. ४ मार्च, ८.५२. आज, ८.५२.
तीन वेळा तपासलं. हेडफोनवाल्याने विचारलं, काय रे, भूत बघितलंस का. मी म्हटलं, एसीचं पाणी मानेवर पडलं. माझी स्वतःची ओळ पाहिली नाही. गरज काय? मी हजर आहे हे मला ठाऊक आहे.

६ मार्च, गुरुवार
योजना आखली. आठ चाळीसला गेटजवळच्या खांबाआड उभा राहिलो. बाबा आले तर दिसतीलच. नर्सेस आल्या, दोन डॉक्टर आले, गेटवरचा गार्ड माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, कोणाची वाट बघताय? मी म्हटलं, आहे एक जण. बाबा आले नाहीत. शेवटी पाकीट मशीनवर टेकवलं, हिरवा दिवा लागला, आत गेलो.
(पाकीट बाबांचं आहे. भावना वगैरे काही नाही, चामडं चांगलं आहे. माझं कार्ड पुढच्या कप्प्यात, त्यांचं मागे. त्यांचं काढलं की माझं सैल बसतं.)
साडेनऊनंतर तक्ता पाहिला. बाबा: ८.५२.
म्हणजे माझ्या पाठोपाठ आत शिरले. मी वळून पाहिलं नव्हतं.

७ मार्च, शुक्रवार
ताप. घरीच. एक दिवस गैरहजर, तेवढी सवलत आहे.

१० मार्च, सोमवार
शुक्रवारी बाबाही आले नव्हते. माझ्या तापामुळे घरी थांबले असणार. मी लहान असताना थांबायचे.
आज पुन्हा ८.५२.
राहवलं नाही, आईला सांगितलं. तिला धक्का बसेल म्हणून आधी पाणी दिलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, किती वाजता येतात म्हणालास? आठ बावन्नला. ती म्हणाली, जन्मभर साडेनऊच्या आत पोचले नाहीत, आता बरं वळण लागलं!
मग स्वयंपाकघरात बराच वेळ नळ चालू होता.

१२ मार्च, बुधवार
आज जॉइन शिकलो. दोन तक्ते एका नंबरावर जोडायचे. मला सगळं समजलं, फक्त उत्तर आलं नाही.
तळघरातून वर जायला लिफ्टजवळ गेलो. हल्ली लिफ्टमन नसतो, लोक स्वतःच बटणं दाबतात. बाबांचं स्टूल मात्र अजून कोपऱ्यात आहे. दार आपोआप उघडलं. आत कोणी नाही. बंद होईना. जसं काही कोणी धरून ठेवलंय, आत ये, दार माझ्यावर सोड, असं.
जिन्याने गेलो. व्यायाम हवाच.

१४ मार्च, शुक्रवार
बॅकअप सांभाळणारे काका अधूनमधून वर्गात येऊन बसतात. या जूनमध्ये निवृत्त होणार. सगळे त्यांना बॅकअपकाका म्हणतात. त्यांना आडून विचारलं, माणूस नसताना त्याच्या नोंदी येऊ शकतात का? ते म्हणाले, डेटाबेस खोटं बोलत नाही रे बाबा, त्याला जे सांगितलं तेच तो सांगतो. कोणीतरी सांगत असणार.
कोण सांगणार? अंगावर काटा आला. एसी.
संकल्प: यापुढे बाबांची ओळ बघायची नाही.
१२.४०: पाहिली. ८.५२.

१७ मार्च, सोमवार
मॅडमनी हजेरीची यादी लावली. माझ्या नावापुढे: दहा दिवस, शून्य हजेरी.
मी म्हटलं, मॅडम, मी रोज पहिल्या रांगेत असतो, तुमच्या पडद्यावरचं शुद्धलेखन मी तपासतो. त्या म्हणाल्या, ते मला चांगलंच माहीत आहे. मग त्यांनी माझं पाकीट मागितलं, उघडलं, दोन्ही कार्डं टेबलावर ठेवली. मशीन पाकिटातलं एकच कार्ड वाचतं. हेडफोनवाल्याने हेडफोन काढला.
म्हणजे प्रशिक्षण बाबांनी केलं. दहापैकी नऊ दिवस. मी एकदाही आलेलो नाही.
मॅडम वाईट नाहीत. म्हणाल्या, त्या हजेऱ्या तुमच्या नंबरावर घेता येतील, पण चालू कर्मचाऱ्याच्या हजेऱ्या दुसऱ्याला देता येत नाहीत. आधी वडिलांची नोंद बंद व्हायला हवी. शुक्रवारपर्यंत. फॉर्म रेकॉर्डकडून मागवा.
मी म्हटलं, मागवतो.

१८ मार्च, मंगळवार
फॉर्म ड्रॉवरमधून काढला. पत्ता तपासला. बरोबर आहे. पुन्हा तपासायला हवा, म्हणून ठेवला.
आज पाकिटात फक्त माझं कार्ड. खरंच सैल बसतं. माझी हजेरी लागली: ८.५२. बाबांची जागा रिकामी.
दिवसभर कशात लक्ष लागलं नाही.

१९ मार्च, बुधवार
फॉर्म दिला नाही. शिक्क्याची शाई वाळली होती.

२० मार्च, गुरुवार
शाई मिळाली. मॅडम म्हणाल्या, उद्या शेवटचा दिवस, तुमचं घोडं कुठे अडलंय? मी म्हटलं, कागद तयार आहे, आणि नोंद मीच बंद करेन. दुसऱ्या कोणी बंद केलेली मला चालणार नाही. हीच माझी प्रात्यक्षिक परीक्षा धरा. बॅकअपकाका म्हणाले, सरावाच्या प्रतीत नाही हं, हे खऱ्यात करायचं आहे. मी म्हटलं, काळजी नसावी. मॅडम म्हणाल्या, मी शेजारी उभी राहीन.
उद्या संध्याकाळपर्यंत मी कायम.

२१ मार्च, शुक्रवार, ११.०५
हात थंड आहेत, पण ते आत्मविश्वासामुळेही होतं. तीन ओळी लिहायच्या. पहिली: कर्मचाऱ्यांचा तक्ता बदला. दुसरी: स्थिती ‘मृत’ करा. तिसरी: व्हेअर, म्हणजे अट, कोणाची ते सांगणारी. तिसऱ्या ओळीत बाबांचा नंबर.
कागदावर लिहून पाहिलं. एकही चूक नाही.

२१ मार्च, २.३०
घडलं ते जसंच्या तसं लिहितो.
तिन्ही ओळी टाइप केल्या. मॅडम म्हणाल्या, बरोबर आहे, आता तिन्ही ओळी माउसने निवडून चालवा, निवडाल तेवढंच चालतं. मी निवडायला लागलो. पहिली ओळ, दुसरी ओळ. तिसरीवर हात गेला नाही. तो नंबर निळा झालेला मला बघायचा नव्हता. मॅडम थांबा म्हणेपर्यंत बटण दाबलं गेलं होतं.
पडद्यावर: १९४४ ओळी बदलल्या.
अख्खं हॉस्पिटल मृत. सर्जन, नर्सेस, धोबी, डीन. दुपारच्या पाळीची माणसं गेटवर कार्डं टेकवतायत आणि लाल दिवा लागतोय. गार्डने शेवटी किल्लीने गेट उघडलं, तोही मृतच. हेडफोनवाला माझ्याशी हात मिळवत म्हणाला, आभारी आहे, सोमवारची मीटिंग वाचली. मी माझी स्वतःची ओळ पाहिली. स्थिती: मृत. खोलीत आम्ही एकोणीस मृत माणसं बसलो होतो आणि एसी गळत होता.
बॅकअपकाका धावत आले, माझ्याकडे न बघता खुर्चीवर बसले. सकाळी सहाच्या बॅकअपमधून पाऊण तासात सगळे परत आले. सकाळची हजेरी तेवढी गेली, सगळ्यांचीच.
बाबाही परत आले. स्थिती: कार्यरत.
मला बरं वाटलं. मॅडम समोर कपाळाला हात लावून बसल्या होत्या, आणि मला बरं वाटलं. ही वही कोणी वाचत नाही, म्हणून लिहितो.

२४ मार्च, सोमवार
निकाल: अपात्र. ठीक आहे. हजेरी तरी कुठे होती.
रेकॉर्ड विभाग आठवडाभर आधीच बंद केला, कपाटं खाली नेत आहेत. बॅकअपकाकांनी बोलावलं. तो फॉर्म घेऊन ये म्हणाले. दिला. त्यांनी मला कीबोर्डला हात लावू दिला नाही. म्हणाले, तू नुसता नंबर सांग. फॉर्म त्यांच्या समोर होता, त्यावर नंबर होता, तरी मलाच विचारलं. मी पाठ सांगितला. त्यांनी टाइप केला, पुन्हा एकदा मोठ्याने वाचला, माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.
१ ओळ बदलली.
काका म्हणाले, बघ, अट लावली की एकच माणूस जातो. मग चष्मा काढून पुसत बसले. म्हणाले, पंचवीस वर्षं मला रोज चौथ्या मजल्यावर सोडलं त्याने, मला कधी बटण दाबू दिलं नाही.
संध्याकाळी आईला सांगितलं. नोकरीचंही आणि दुसरंही. ती बरं म्हणाली. भाजी निवडत होती, निवडत राहिली. मग विचारलं, उद्या डबा किती वाजता हवा?
उद्या कुठे जायचं ते मला अजून कोणी कळवलेलं नाही.
आठला, म्हटलं.