देवाला दाखवलेले रेणू

मु. सूर्यमाळ

श्री. जगनभाऊंस,
लहान्याचा रामराम. सरूवहिनींचा गुडघा, तुमची म्हैस आणि तुम्ही, तिघंही बरे असाल. आम्ही ठीक. फोन केला असता, पण रेंजसाठी टेकडी चढावी लागते आणि वर पोचेपर्यंत बोलायला दम उरत नाही.

तुमच्या भाचीनं, आमच्या रविनानं, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात भाग घेतला. निवड झाली तर जिल्ह्याला, पालघरला जायचं. पोरीला आठ दिवस दुसरं काही सुचत नव्हतं. विषय काय, तर पाणी सोडलं तर प्रत्येक जिवाचं शरीर मुख्यतः चार प्रकारच्या रेणूंचं बनतं. (रेणू डोळ्यांना दिसत नाही. मग तो मांडणार कसा, असं मी विचारलं, तर तुमच्या बहिणीनं, पोशीनं, मला गप्प केलं.) म्हणून तिनं दिसणारं मांडलं. कर्बोदकांसाठी नाचणीच्या भाकरी, प्रथिनांसाठी शिजवलेले उडीद, मेदासाठी खुरासणीची चटणी. चौथं न्यूक्लिक आम्ल, आईबापाचे गुण पोरांत उतरवणारं. ते तिनं केळं कुस्करून, मीठ, भांड्याचा साबण आणि थंड स्पिरिट घालून काढलं. पांढरे धागे वर तरंगत होते.

मी जीपनं मोखाड्याला तिच्या शाळेत पोचलो आणि टेबल बघून माझं डोकंच फिरलं. नाचणी यंदाची, उडीद यंदाचे, खुरासणी यंदाची, आणि देवाच्या आधी साहेबाला दाखवायला मांडलेली! तुम्हीच सांगा, चालतं का हे? मी तिथंच उदबत्ती लावली, नारळ फोडला, नैवेद्य दाखवला. इथवर चुकलो असेन तर माझा कान धरा. पण नैवेद्य दाखवला की प्रसाद वाटावाच लागतो. आधी शिपाई आला, मग स्वयंपाकीण नवशी, मग नववीचा अख्खा वर्ग, मग बाजाराला आलेली माणसं. कुणाला नाही म्हणू? मीही दोन भाकरी खाल्ल्या. पाव तासात तीन प्रकारचे रेणू संपले. केळं साबणामुळे वाचलं. (जीपवाल्या माघ्यानं तरी बोट चाटलंच. संध्याकाळपर्यंत थुंकत होता.)

तेवढ्यात परीक्षक आले. रिकाम्या थाळ्या बघून रविनाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तोंड उघडणार, तोच पोरीनं डोळे पुसले आणि माझा दंड धरून मला टेबलापुढं उभं केलं. कर्बोदकं यांच्यात गेलीत म्हणून हे एवढं बोलतात, प्रथिनांनी दंड भरतात, उरलेला मेद इथं साठतो, असं म्हणत तिनं पट्टी माझ्या पोटावर टेकवली. परीक्षकांनी विचारलं, "आणि चौथं?"

"ते यांच्यातून माझ्यात आलंय, सर. त्याला इलाज नाही."

परीक्षक हसत हसत खुर्चीतच बसले. निवड झाली. माझ्यामुळे झाली असं मी म्हणत नाही, पण जीपमध्ये सगळे तसंच म्हणत होते.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुमचा,
लहान्या

ता. क. पालघरला पुन्हा सगळं मांडायचंय आणि पोशी मला कणगीजवळ फिरकू देत नाही. पायलीभर नाचणी, थोडे उडीद नि खुरासणी माघ्याकडं द्या. तुमच्याच देवाला दाखवून द्या, म्हणजे तिथं मला काही करावं लागणार नाही.

आणखी ता. क. मामा, मी रविना. पाकीट मी चिकटवतेय. धान्य पाठवू नका, आई देणार आहे. निवडपत्रात 'मॉडेलसह हजर राहावे' असं लिहिलंय आणि पुढं कंसात बाबांचं नाव आहे. त्यांना अजून सांगितलेलं नाही. तुम्ही येऊन सांगा, आणि त्या दिवशी सकाळपासून त्यांना काही खाऊ देऊ नका. भाकरी परीक्षकांसमोरच खायची आहे, आणि मला पहिला नंबर हवाय.